पाच अणूंच्या जाडीचा चुंबक

एक साधा प्रश्न. लोखंड चुंबकीय असतं का? पाचवीतला मुलगाही "हो" म्हणेल. आता त्याच लोखंडाचा पत्रा ठोकून ठोकून पातळ करत जा. फॉइल झाली, तरी चुंबकाला चिकटते. फॉइलहून पातळ केली, तरी चिकटते. पण पातळ करता करता फक्त तीन अणूंची जाडी उरली तर? तेव्हाही ते लोखंड चुंबकीय असेल का?

सेमिनारसाठी हा विषय मी घेतला तेव्हा घरी आत्याने विचारलं, "लोखंड ते लोखंडच ना रे? पातळ केलं म्हणून गुण बदलतो होय?" प्रश्न अगदी बरोबर आहे. आणि उत्तर असं आहे की बदलतो! किती बदलतो, हे बऱ्याच अंशी ते लोखंड कशावर बसलंय त्यावर ठरतं. काचेवर, सोन्यावर, सिलिकॉनवर की गॅलियम आर्सेनाइडवर? जाड लोखंडाला आपण कुणावर बसलोय याची पर्वा नसते. पातळ थराला मात्र खालच्या पृष्ठभागाचं ऐकावंच लागतं. आजचा सगळा लेख या एका वाक्याचा विस्तार आहे.

किती पातळ म्हणजे पातळ?

मिठाईवरचा चांदीचा वर्ख सगळ्यांनी पाहिलाय. फुंकर मारली तर उडतो. त्याची जाडी अर्धा मायक्रॉन धरा. आपण ज्या थराबद्दल बोलतोय तो ०.७ नॅनोमीटरचा, म्हणजे वर्खाच्या जाडीत असे सातशे थर एकावर एक मावतील. लोखंडाच्या स्फटिकात अणूंचा एक थर साधारण ०.१४ नॅनोमीटर जागा घेतो. म्हणून ०.७ नॅनोमीटर म्हणजे अणूंचे पाच थर. पाच मजल्यांची चाळ म्हणा ना!

असा थर बनवायचा तर हवा आड येते. साध्या व्हॅक्यूम पंपाने हवा काढली तरी उरलेले वायूचे रेणू पृष्ठभागावर येऊन बसतातच. दाब १० लाखांश टॉर इतका खाली आणला तरी साधारण एका सेकंदात पृष्ठभागावर वायूचा एक अख्खा थर बसू शकतो. म्हणजे आपलं लोखंड पोचायच्या आत ऑक्सिजन आणि पाण्याने जागा अडवलेली! म्हणून याच्याही दहा हजार पट खाली जावं लागतं. त्याला अल्ट्रा हाय व्हॅक्यूम म्हणतात. तिथे तोच थर बसायला काही तास लागतात आणि तेवढ्या वेळात आपलं काम उरकता येतं. मग लोखंड तापवून त्याची वाफ करायची आणि ती वेफरवर हळूहळू, मिनिटाला एखादा अणुथर या गतीने बसू द्यायची.

चाळीतले शेजारी

लोखंडाचा प्रत्येक अणू हा स्वतः एक छोटा चुंबक असतो. पण एकट्या अणूच्या चुंबकत्वाला व्यवहारात अर्थ नाही. शेजारचे अणूही त्याच दिशेला तोंड करून उभे राहिले, तर तुकडा चुंबक होतो. शेजाऱ्याला आपल्या दिशेला वळवणाऱ्या या ओढीला एक्स्चेंज म्हणतात. उष्णता नेमकं उलटं करते, सगळ्यांना इकडेतिकडे हलवते. लोखंड ७७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं की उष्णता जिंकते आणि शिस्त मोडते. हेच क्यूरी तापमान.

आता आमच्या लालबागच्या चाळीचं उदाहरण घेऊ. मधल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला वर, खाली, आजूबाजूला शेजारी असतात. सर्वांत वरच्या मजल्यावर डोक्यावर फक्त कौलं. सर्वांत खालच्या मजल्याच्या पायाशी दुकानाचे गाळे, म्हणजे शेजार आहे पण वेगळ्या प्रकारचा. लोखंडाच्या स्फटिकात आतल्या अणूला आठ जवळचे शेजारी असतात. सपाट पृष्ठभागावरच्या अणूला (स्फटिकाची घनाच्या बाजूला समांतर असलेली कड घेतली तर) त्यातले चारच उरतात. शेजारी कमी, म्हणून शिस्त टिकवायची ओढ कमी, म्हणून थर पातळ होत गेला की क्यूरी तापमान खाली येतं. अगदी पातळ थराच्या बाबतीत ते खोलीच्या तापमानाच्याही खाली जाऊ शकतं. मग तोच थर फ्रीजरमध्ये चुंबक आणि टेबलावर साधा धातू!

पण गंमत अशी की शेजारी कमी झाल्यावर एक गोष्ट वाढतेही. एकेका अणूचा स्वतःचा चुंबकीय मोमेंट. मोमेंट बोर मॅग्नेटॉन या एककात मोजतात. जाड लोखंडात तो अणूमागे २.२ असतो, तर स्वच्छ पृष्ठभागावरच्या अणूसाठी गणिताने तो ३ च्या जवळ येतो. एकटा सुटा अणू घेतला तर ४. म्हणजे गर्दीत माणूस जरा दबून वागतो तसंच. तर एका बाजूने प्रत्येक अणू अधिक ताकदवान, दुसऱ्या बाजूने सगळ्यांची एकजूट कमकुवत. व्हायवाला हे दोन मुद्दे वेगवेगळे सांगा, बहुतेक जण त्यांची सरमिसळ करतात.

हे झालं वरच्या बाजूचं. खालच्या गाळ्यांचं काय? खरी भानगड तिथेच आहे.

सिलिकॉन: चांगला नोकर, वाईट शेजारी

आपला सगळा इलेक्ट्रॉनिक्स सिलिकॉनवर उभा आहे. तेव्हा सरळ सिलिकॉनवर लोखंड चढवावं, असं कुणालाही वाटेल. पण स्वच्छ सिलिकॉनवर लोखंडाचे अणू पडले की ते वर थांबत नाहीत, सिलिकॉनमध्ये मिसळून लोह-सिलिसाइड बनवतात. सिलिकॉनचं प्रमाण जास्त असलेली सिलिसाइड्स खोलीच्या तापमानाला लोखंडासारखी चुंबकीय नसतात. म्हणजे पहिले काही थर आपण चुंबक म्हणून चढवले आणि ते वाया गेले. अशा थराला डेड लेयर, म्हणजे मृत थर म्हणतात.

इथे एक विरोधाभास बघा. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना हीच रासायनिक क्रिया हवी असते! ट्रान्झिस्टरला कमी रोधाचा कॉन्टॅक्ट देण्यासाठी चिप कारखान्यांनी आधी टायटॅनियम, मग कोबाल्ट, मग निकेल सिलिकॉनवर चढवून तापवलं आणि मुद्दाम सिलिसाइड बनवलं. कोबाल्ट आणि निकेल दोन्ही चुंबकीय धातू आहेत, पण कॉन्टॅक्टमधल्या त्यांच्या सिलिसाइडमध्ये ते चुंबकत्व उरत नाही. एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष!

उपाय? मध्ये भिंत घाला. मॅग्नेशियम ऑक्साइड किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा एक-दोन नॅनोमीटरचा थर. धातू आणि अर्धवाहक एकमेकांत मिसळत नाहीत, पण क्वांटम टनेलिंगमुळे इलेक्ट्रॉन मात्र पलीकडे जाऊ शकतो.

गॅलियम आर्सेनाइड: मापाचा मजला

दुसरा पर्याय म्हणजे लोखंडाला मापात बसेल असा अर्धवाहक शोधणं. गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकाचं एकक ०.५६५ नॅनोमीटरचं. त्याचं निम्मं ०.२८३. लोखंडाचं एकक ०.२८७. फरक फक्त १.४ टक्के! म्हणजे खालच्या एका फरशीच्या रुंदीत वरच्या दोन फरशा जवळजवळ अचूक बसतात. अमेरिकेच्या नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीत प्रिन्झ आणि क्रेब्ज यांनी १९८१ साली गॅलियम आर्सेनाइडवर लोखंडाचे एकसंध स्फटिकरूप थर वाढवून दाखवले आणि तिथून हा विषय जोरात सुरू झाला.

पण मापं जुळली म्हणून संसार जुळतोच असं नाही. आर्सेनिक खालून सुटून लोखंडात वर येतं. सुरुवातीच्या काळात वेफर गरम ठेवून थर वाढवले जायचे आणि सांध्यापाशी चुंबकत्व कमी भरायचं. पुढे वेफर खोलीच्या तापमानाला ठेवून आणि पृष्ठभागावर गॅलियमचं प्रमाण जास्त राखून थर वाढवले, तेव्हा चित्र पालटलं. केंब्रिजच्या गटाने १९९८ साली एकेक थर वाढवत चुंबकत्व कसं जन्माला येतं ते मोजलं. त्यांचा निकाल तीन टप्प्यांत सांगता येतो.

पहिला टप्पा, साधारण साडेतीन थरांपर्यंत: चुंबकत्वाचा सिग्नलच नाही. कारण लोखंड सपाट पसरत नाही, त्याची छोटी छोटी बेटं तयार होतात.

दुसरा टप्पा, साडेतीन ते ४.८ थर: बेटं मोठी होतात. प्रत्येक बेटात आतल्या आत शिस्त असते, पण अख्खं बेट उष्णतेमुळे दिशा बदलत राहतं. याला सुपरपॅरामॅग्नेटिझम म्हणतात. बाहेरून चुंबकीय क्षेत्र दिलं की सगळी बेटं वळतात, काढलं की विसरतात.

तिसरा टप्पा, ४.८ थरांच्या पुढे: बेटं एकमेकांना जोडली जातात आणि थर खऱ्या अर्थाने चुंबक होतो. क्षेत्र काढलं तरी दिशा लक्षात ठेवतो.

ठिपक्यांच्या रांगोळीसारखं आहे हे. ठिपके कितीही काढा, रेषा जुळेपर्यंत आकृती दिसत नाही. लक्षात घ्या, पहिल्या टप्प्यातलं लोखंड "मेलेलं" नव्हतं, ते विखुरलेलं होतं. सिग्नल नाही याचा अर्थ चुंबकत्व संपलं असा लगेच काढता येत नाही, हा या प्रयोगाचा मोठा धडा.

मजला दिशाही ठरवतो

लोखंडाच्या स्फटिकात एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन कर्णदिशा अगदी सारख्या असतात. एकीकडे वळणं जितकं सोपं, तितकंच दुसरीकडे. पण गॅलियम आर्सेनाइडच्या पृष्ठभागावर रासायनिक बंध एका कर्णदिशेला उभे असतात, दुसऱ्या नाही. त्यामुळे वर बसलेल्या पातळ लोखंडाला या दोन दिशांमध्ये फरक जाणवतो आणि त्यातली एक सोपी ठरते. याला युनिॲक्सिअल ॲनायसोट्रॉपी म्हणतात. थर जाड करत गेलो की हा परिणाम मागे पडतो आणि लोखंड आपल्या नेहमीच्या सोप्या दिशेकडे वळतं. पातळ असताना मजल्याचं ऐकतं, जाड झाल्यावर स्वतःचं!

इंजिनीअरला याचा उपयोग काय? मेमरीमध्ये ० आणि १ साठवायचे तर चुंबकाला दोनच पसंतीच्या दिशा हव्यात. ती पसंती पृष्ठभाग फुकटात देत असेल तर उत्तमच.

सिग्नल नक्की कुणाचा?

आता लॅबमधला सर्वांत अवघड भाग. समजा तुम्ही ५ मिमी बाय ५ मिमी सिलिकॉनच्या तुकड्यावर १ नॅनोमीटर लोखंड चढवलं. गणित करून पाहू.

लोखंडाचं आकारमान: २५,००० घन मायक्रॉन. पूर्ण चुंबकित लोखंडाची तीव्रता मीटरला १७ लाख अँपिअर. म्हणून थराचा एकूण मोमेंट सुमारे ४३ नॅनो अँपिअर-चौरस मीटर.

खालचा सिलिकॉन अर्धा मिमी जाड: आकारमान लोखंडाच्या पाच लाख पट. सिलिकॉन डायमॅग्नेटिक आहे, म्हणजे क्षेत्राच्या उलट दिशेला अगदी क्षीण प्रतिसाद देतो. १ टेस्लाच्या क्षेत्रात ही तीव्रता मीटरला ३ अँपिअरच्या आसपास. पण आकारमान एवढं मोठं की एकूण मोमेंट उणे ४० नॅनो अँपिअर-चौरस मीटर भरतो.

बेरीज करा. जवळजवळ शून्य! यंत्र म्हणेल, इथे चुंबक नाहीच. म्हणून क्षेत्र कमी-जास्त करून पूर्ण आलेख काढावा लागतो. सिलिकॉनची रेषा सरळ उतरत जाते, लोखंडाची रेषा उडी मारून सपाट होते. सरळ रेषा वजा केली की थर सापडतो.

दुसरा धोका उलट दिशेचा आहे. २५,००० घन मायक्रॉन म्हणजे किती? फक्त २९ मायक्रॉन बाजूचा एक घन, केसाच्या जाडीहूनही लहान. तुमच्या चिमट्यातून सुटलेला तेवढा एक लोखंडी कण अख्ख्या थराइतका सिग्नल देईल! ही नुसती भीती नाही. २००४ साली हाफ्नियम ऑक्साइडच्या पातळ थरांमध्ये अनपेक्षित चुंबकत्व सापडल्याचं 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालं. २००५ साली आयबीएमच्या संशोधकांनी काळजीपूर्वक हाताळलेले थर तपासले तेव्हा त्यांना चुंबकत्व दिसलं नाही. उलट स्टेनलेस स्टीलच्या चिमट्याने हाताळल्यावर तसाच सिग्नल मिळतो हे त्यांनी दाखवून दिलं. एका चिमट्यावर केवढी मोठी गोष्ट अडू शकते बघा!

आपल्या मुंबईला हा धडा शंभर वर्षांपूर्वीच मिळालाय. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी कुलाब्याच्या वेधशाळेत घेतल्या जात. शहरात विजेच्या ट्राम येणार हे ठरलं, तेव्हा त्या प्रवाहामुळे नोंदी बिघडणार हे ओळखून चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलवली. ट्राम १९०७ साली विजेवर धावू लागली. अलिबागच्या इमारतीत लोखंड टाळून चुंबकीय नसलेला दगड वापरला गेला. मोजायची गोष्ट क्षीण असेल तर आधी आजूबाजूचं लोखंड हटवा. तत्त्व तेच.

थराकडे थेट बघण्याच्या दोन रीती

सब्स्ट्रेटचा गोंधळ टाळायचा एक मार्ग म्हणजे प्रकाश. चुंबकावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाचं ध्रुवीकरण किंचित फिरतं, हा जॉन केर यांनी १८७७ साली जाहीर केलेला परिणाम. धातूत प्रकाश काही दहा नॅनोमीटरच शिरतो, त्यामुळे अर्धा मिमी सिलिकॉन आपोआप हिशोबाबाहेर राहतो. पातळ थरासाठी हे फिरणं अंशाच्या काही हजारांश भागाइतकं असतं, तरी लेसर आणि लॉक-इन ॲम्प्लिफायर वापरून ते मोजता येतं. थर वाढत असतानाच, व्हॅक्यूममधून बाहेर न काढता मोजता येणं हा मोठा फायदा.

दुसरा मार्ग न्यूट्रॉन. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, पण स्वतःचा चुंबकीय मोमेंट असतो. सगळे न्यूट्रॉन एका दिशेला वळवून थरावर अगदी तिरके सोडायचे आणि परावर्तन मोजायचं, मग दिशा उलटी करून पुन्हा. दोन्हींतल्या फरकावरून कोणत्या खोलीवर किती चुंबकत्व आहे हे कळतं. म्हणजे चाळीच्या प्रत्येक मजल्याची स्वतंत्र जनगणना!

यासाठी परदेशी जायची गरज नाही. लालबागहून कॉटन ग्रीनला जाऊन हार्बर लाइन पकडली की त्याच बाजूला ट्रॉम्बे. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्रात १९८५ साली सुरू झालेल्या ध्रुव अणुभट्टीवर पोलराइज्ड न्यूट्रॉन रिफ्लेक्टोमीटर उभारण्यात आला. लोखंड आणि जर्मेनियम हा अर्धवाहक यांचे एकाआड एक थर रचून, सांध्यापाशी लोखंडाचा मोमेंट किती उरतो याचा न्यूट्रॉनच्या साह्याने केलेला अभ्यास तिथल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २००७ साली प्रसिद्ध केला. म्हणजे आपण ज्या प्रश्नापासून सुरुवात केली, तोच प्रश्न.

एवढा खटाटोप कशासाठी?

इलेक्ट्रॉनला भार असतो तसा स्पिनही असतो. आजचा ट्रान्झिस्टर भार वापरतो, स्पिन वाया जातो. १९९० साली पर्ड्यू विद्यापीठात सुप्रियो दत्ता आणि बिस्वजित दास यांनी एक कल्पना मांडली: चुंबकीय कॉन्टॅक्टमधून एकाच स्पिनचे इलेक्ट्रॉन अर्धवाहकात सोडायचे, गेटने तो स्पिन फिरवायचा आणि दुसऱ्या चुंबकाने ओळखायचा. कागदावर सुंदर, पण अडचण सांध्यात आली. धातूचा रोध अर्धवाहकापेक्षा फारच कमी असल्याने स्पिन पलीकडे जायलाच तयार नसतो, हे २००० साली गणिताने स्पष्ट झालं. उतारा पुन्हा मधली भिंत. लोखंड आणि गॅलियम आर्सेनाइडच्या सांध्यात ती नैसर्गिकरीत्याच तयार होते, तिला शॉट्की बॅरिअर म्हणतात. २००१ साली बर्लिनच्या गटाने याच जोडीतून खोलीच्या तापमानाला सुमारे २ टक्के स्पिन आत सोडून दाखवला. दोन टक्के म्हणजे थोडे वाटतात, पण शून्य नव्हे हे महत्त्वाचं होतं.

या क्षेत्रात आपली माणसंही आहेत. आयआयटी मुंबईचे प्रा. अश्विन तुळापूरकर यांनी जपानमध्ये केलेल्या कामात, चुंबकीय टनेल जंक्शन स्पिनच्या जोरावर डायोडसारखं वागू शकतं हे दाखवलं. ते २००५ साली 'नेचर'मध्ये आलं. २००९ साली ज्या गटाने लोखंडाच्या अवघ्या काही अणुथरांची ॲनायसोट्रॉपी नुसत्या विद्युतक्षेत्राने सुमारे ४० टक्के बदलून दाखवली, त्यातही ते सहलेखक होते. तिथे लोखंडाला लागून अर्धवाहक नसून मॅग्नेशियम ऑक्साइड होता, पण सूत्र तेच: पातळ थराचा स्वभाव सांध्यावर ठरतो. म्हणूनच सांध्याला व्होल्टेज दिलं की स्वभाव बदलतो. जाड लोखंडाला हजार व्होल्ट दिले तरी हे होणार नाही.

प्रोजेक्टवाल्यांसाठी

पातळ थरांवर प्रोजेक्ट किंवा सेमिनार करणार असाल, तर चुंबकत्वाचा कुठलाही आलेख समोर आला की हे प्रश्न विचारा:

१) थर चढवण्याआधी पृष्ठभाग कसा साफ केला? वर ऑक्साइड होता का?
२) थर चढवताना वेफरचं तापमान किती होतं? मिसळण्याची शक्यता किती?
३) थर सलग होता की बेटं होती?
४) सब्स्ट्रेटचा सिग्नल वेगळा मोजून वजा केला का? नुसत्या वेफरचा आलेख दाखवलाय का?
५) तुकडा प्लास्टिक किंवा सिरॅमिकच्या चिमट्याने हाताळला की स्टीलच्या?

या पाचही प्रश्नांना महागडं यंत्र लागत नाही. पाचवा तर फक्त चिमट्याचा प्रश्न आहे. आत्याला मी शेवटी एवढंच सांगितलं की लोखंड लोखंडच राहतं, पण पाच अणूंचं लोखंड एकटं राहत नाही. तिला पटलं, पण पुढचा प्रश्न तयारच होता: "मग त्याला चांगल्या वस्तीत जागा का देत नाही?" तेच काम चालू आहे, मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भिंतींपासून नव्या अर्धवाहकांपर्यंत. आपल्यापैकी कुणाला ते करायचं असेल तर सॉलिड स्टेट फिजिक्सचं पुस्तक परीक्षेनंतर विकून टाकू नका!